मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या युनियन १९८२ च्या संपामुळेच संपल्या का?

नाही. संप हा शेवटचा घाव. मुळं त्याआधीच तोडली गेली होती, आणि तीही राजकारणातून.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका भागातल्या एका उद्योगात वाटाघाटीचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' संघटनेला दिला. गिरण्यांत तो मान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. म्हणजे कामगारानं कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली मोर्चा काढायचा आणि करारावर सही करणार दुसराच! पुढे कम्युनिस्टांविरुद्ध शिवसेना उभी राहिली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले.

१८ जानेवारी १९८२ पासून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बोलणी मान्यताप्राप्त संघटनेशी, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाशीच, असं म्हणत सरकारनं मागण्या लोंबकळत ठेवल्या. घरातली भांडी विकली गेली, माणसं कोकणात, घाटावर गावी परतली. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कामगारांत एकी नव्हती असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पगाराविना वर्षभर तग धरणाऱ्यांनी एकी आणखी कशी दाखवायची?