माणूस बसवून पायांवर चालणारा हत्ती मंडळाच्या मिरवणुकीसाठी नाशिकमध्ये बनवता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की वेल्डिंग जमतं, मंडळाकडे जागा आहे आणि थिओ यान्सेन या डच कलाकाराचे समुद्रकिनाऱ्यावर चालणारे सांगाडे बघितल्यापासून झोप उडालीये. माझीही उडाली होती. सातपूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही तिघांनी रविवार-रविवार घालवून असं एक धूड बनवलं. मी वर बसलो, ते नऊ पावलं चाललं आणि डाव्या अंगावर बसलं.

आधी एकच ठरवा : वजन पाय पेलणार, की पाय नुसते चालल्यासारखे दिसणार? फ्रान्समधल्या नांत शहरातला २००७ चा यांत्रिक हत्ती १२ मीटर उंच आहे, पाठीवर माणसं घेऊन फिरतो, पण त्याचा भार पोटाखालच्या चाकांवर असतो. पाय फक्त हलतात. मला हे कळलं तेव्हा थोडी फसवणूक वाटली, आता ते शहाणपण वाटतं. तुमचा हत्ती वाकडी बारवपासून गोदाघाटापर्यंत जाणार, वाटेत गतिरोधक, ढोलपथकं, पायात घुसणारी पोरं. तिथे चाकंच लावा, यात वाद नको.

पण खरोखर पायांवर चालवायचंच असेल (मोकळ्या मैदानात, दोरी बांधून), तर पुढचं वाचा.

पायाची भूमिती ही सोपी बाजू आहे. यान्सेन १९९० पासून हेच करतोय आणि त्याच्या दांड्यांची मापं जगजाहीर आहेत : क्रँक (मोटरने गोल फिरणारी, पायाला हलवणारी छोटी दांडी) १५, सगळ्यात लांब दांडी ६५.७, बाकीच्या मधल्या. हे प्रमाण आहे. १ म्हणजे १ सेंटिमीटर धरलं की माणूस बसण्याजोगं माप येतं. आधी पुठ्ठा आणि टाचण्या घेऊन एक पाय करा, टोकाला पेन्सिल लावून क्रँक फिरवा. खालची रेघ सपाट आली तर मापं बरोबर. ती वाकडी आली तर बसणारा प्रत्येक पावलाला वर-खाली हिंदकळतो. एका बाजूला पायांच्या तीन जोड्या, त्यांचे क्रँक एकमेकांपासून १२० अंशांनी फिरवलेले, म्हणजे कोणता तरी पाय कायम जमिनीवर राहतो. दोन्ही बाजू मिळून बारा पाय.

आता खरी मेख. यान्सेनचे प्राणी पिवळ्या पीव्हीसी पाइपांचे, हलके. माप दुप्पट केलं की वजन आठपट होतं आणि दांडीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. हा सगळा ताण सांध्यांवर येतो. क्रँकपिन (क्रँकच्या टोकाची पिन) सोडून एका पायाला पाच सांधे, म्हणजे बारा पायांना साठ. आम्ही हौसेने तिथे साधे एम-१२ (१२ मिमी) बोल्ट घातले, आटे थेट दांडीच्या पट्टीच्या भोकात. वीस मिनिटं रिकामं फिरवलं तर आट्यांनी कानशीसारखं भोक खाल्लं, खाली काळा चुरा पडला आणि कट-कट आवाज सुरू झाला. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई, पण तळपायाशी ती बोटभर होते. मी बसल्यावर त्यातलाच एक बोल्ट गेला. दोष आमचाच.

दुसऱ्यांदा गनमेटलचे (कांशासारख्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या नळ्या, ब्राइट बारच्या (गुळगुळीत पोलादी सळईच्या) पिना आणि प्रत्येक सांध्याला ग्रीस भरायचं निपल केलं. अंबडच्या लेथवाल्याने आधी हसून घेतलं, मग जॉब नेमका दिला. पैसे वाचवायचे तर रंगात, सीटमध्ये वाचवा, बुशमध्ये नको.

वळणं हा दुसरा खड्डा. डावी-उजवी बाजू वेगळ्या मोटरवर ठेवावी लागते (आम्ही भंगार बाजारातून ई-रिक्षाच्या दोन घेतल्या, पुढे चेन-स्प्रॉकेटने वेग उतरवला). एक बाजू थांबवली की यंत्र रणगाड्यासारखं वळतं, पण पाय जमिनीवर आडवे घासतात. एकेरी पट्टी तेव्हा पापडासारखी मुडपते. म्हणून प्रत्येक दांडीला दोन पट्ट्या, मध्ये स्पेसर (अंतर राखणारा तुकडा). त्या सगळ्या एकत्र क्लॅम्पमध्ये आवळून एकाच वेळी भोकं पाडा, म्हणजे अंतर सगळीकडे सारखं येतं.

आणि बंद करायचं बटण बसणाऱ्याच्या हातात ठेवू नका. मी खाली आलो तेव्हा माझे दोन्ही हात सीट धरण्यात गुंतले होते. बटण बाजूने चालणाऱ्याकडे असू दे, लांब वायरवर.