अमिकासिनमुळे बाबांचं ऐकणं गेलं, दाद कुठे मागायची?

प्रश्न : बाबांचं वय 66, वजन 52 किलो. लघवीचा संसर्ग रक्तात पसरला म्हणून नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं. तिथे त्यांना अमिकासिन या अँटिबायोटिकचं 750 मिलिग्रॅमचं इंजेक्शन रोज एक, असं 12 दिवस दिलं. आठव्या दिवसापासून बाबा कानात शिट्टी वाजते म्हणत होते. सिस्टरला सांगितलं, तर अशक्तपणा आहे म्हणाल्या. जीव वाचला, पण आता दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. दवाखाना म्हणतो, भरतीच्या वेळी तुम्ही सही केली आहे. भाऊ चार जणांना घेऊन तिथे जाब विचारायला निघाला आहे, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणतो. दीड वर्ष होत आलं. डिस्चार्ज कार्ड सोबत जोडलं आहे.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, भावाला आधी थांबवा. दवाखान्यात धक्काबुक्की किंवा तोडफोड झाली तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे तो अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मग बाबांची केस बाजूला राहील आणि तुम्ही भावाच्या जामिनासाठी धावाल. पोलिसांतही घाई नको. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ, अगदी गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्येच सांगितलं आहे.

तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे हातात जेमतेम सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण ती वेळ येऊ देऊ नका.

आता तक्रार कशाची करायची ते नीट समजून घ्या. "अमिकासिन दिलं" ही तक्रार टिकणार नाही. रक्तात पसरलेल्या संसर्गात हे औषध जीव वाचवतं. किलोला 15 मिलिग्रॅम या हिशेबाने 750 हा डोसही नेहमीचाच, किडनी ठीक असेल तर. खरा प्रश्न पुढच्या दिवसांचा आहे. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते अंगात साचतं आणि आतल्या कानाच्या नाजूक पेशी मारतं. त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक, पुन:पुन्हा तपासायचं, वाढलं तर डोस किंवा दोन डोसमधलं अंतर बदलायचं, कान वाजू लागले तर औषध थांबवायचं का हे ठरवायचं. ही नवी विद्या नाही, औषधाच्या माहितीपत्रकात छापलेली असते.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन भरतीच्या दिवशी 1.6 आणि घरी सोडलं त्या दिवशी 2.7 आहे. मधलं काहीच नाही. शिवाय फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषधही चालू होतं, त्याने कानाचा धोका वाढतो. 12 दिवसांत मधे तपासणी झाली का, झाली असेल तर डोस का बदलला नाही, आणि बाबांची शिट्टीची तक्रार कुणी लिहून घेतली का? तुमची केस याच तीन प्रश्नांवर उभी राहील.

उत्तरं संपूर्ण केसपेपरात आहेत. भांडण वाढण्याआधी बाबांच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. ड्रग चार्ट, नर्सिंग नोट्स, लॅबचे सगळे रिपोर्ट आणि बिलं नाव घेऊन मागा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. कागद तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून उशीर नको. नर्सिंग नोट्समध्ये शिट्टीची नोंद नसेल तर तुमचं आणि शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाचं शपथपत्र लागेल. त्यांचा नंबर आजच शोधा.

दवाखाना म्हणेल, संसर्गानेच किडनी बिघडली. खरंही असेल. पण मग जास्तच लक्ष ठेवायला हवं होतं. सहीचं म्हणाल, तर भरतीच्या छापील कागदावर केलेली सही म्हणजे निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे.

बाबा हयात आहेत, तेव्हा तक्रार त्यांच्याच नावाने, नागपूरच्या जिल्हा आयोगात. अधिकारक्षेत्र भरलेल्या बिलावर ठरतं, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसला सक्तीचं नाही, पण तुमच्या केसला मी ते घेतल्याशिवाय हात लावणार नाही. किडनीच्या आणि कानाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. दोन्ही कानांचं नुकसान 60 डेसिबल किंवा जास्त निघालं तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा, तो पुरावाही होतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर करा. त्याने कुणाला शिक्षा होत नाही, पण नोंद राहते.

आणि केसपेक्षा महत्त्वाचं : यापुढे बाबांना जिथे न्याल तिथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत अमिकासिनने कान गेल्याचं सांगा. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधंही त्याच कुळातली. हे एका कागदावर लिहून आधारकार्डासोबत बाबांच्या खिशात ठेवा.