नवीन मशीन सरकारी दवाखान्यात यायला एवढा वेळ का लागतो?

प्रश्न: खाजगीत नवीन मशीन, नवीन टेस्ट लगेच येते, सरकारी यंत्रणा मात्र वर्षानुवर्षं 'अभ्यास चालू आहे' म्हणते. हे ठरवतं कोण, आणि कशावरून? की नुसते पैसे वाचवायचे असतात?

उत्तर: पैशांचा भाग आहेच, पण तो नंतर येतो. आधी बघतात की या मशीनमुळे पेशंटचं काही भलं होतं का. गाठ अगदी बारीक असतानाच दिसते हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यामुळे माणूस जास्त जगला का, त्याचा त्रास कमी झाला का? दक्षिण कोरियात तपासणीत थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली आणि 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं. मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे ज्या गाठींनी जन्मभर काहीच केलं नसतं त्यांच्यापायी हजारो लोकांचं ऑपरेशन झालं, कितीतरी जणांच्या मागे कायमची गोळी लागली. आणि मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता हो, ते त्याचं काम चोख करत होतं!

मग खर्च. ब्रिटनमध्ये 1999 पासून नाइस ही संस्था हे बघते, आपल्याकडे 2017 पासून केंद्र सरकारची एचटीएआयएन ही यंत्रणा आहे. उपचाराने आयुष्य किती वाढलं आणि ते किती धडधाकट गेलं हे एकत्र मोजायचं, मग असं एक निरोगी वर्ष मिळवायला जुन्या उपचारापेक्षा किती जादा पैसे लागतात ते काढायचं. नाइसची मर्यादा बरीच वर्षं साधारण 20 ते 30 हजार पाउंड होती. जिवाची किंमत लावतात म्हणून लोक चिडतात, मला ते समजतं, पण बजेट तेवढंच असतं, नवीन मशीनचे पैसे कुणाच्या तरी लसीतून, कुणाच्या तरी डायलिसिसमधून येतात आणि तो पेशंट त्या मीटिंगमध्ये बोलायला नसतो. शिवाय मशीन घेऊन भागत नाही, किट लागतात, टेक्निशियन लागतो, मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट लागतं.

आणि आज नाही म्हटलं म्हणजे कायमचं नाही असंही नसतं. थायलंडमध्ये एचपीव्ही लस (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) आधीच्या किमतीला परवडत नाही असं अभ्यासात निघालं, पुढे भाव उतरले आणि 2017 मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

तुमचा राग एका बाबतीत मात्र शंभर टक्के बरोबर आहे, 'अभ्यास चालू आहे' हे उत्तर नाही. नाइस आपला कच्चा निर्णय आधी लोकांसमोर ठेवते, पेशंटच्या संघटना त्यावर हरकती घेतात, मग तो पक्का होतो. कोणता अभ्यास, कुणी केला, कधी संपणार, हे विचारायचा हक्क तुम्हालाही आहे, लेखी विचारा.