उत्तर: दोन ट्रे कापलेलं ब्रिस्केट उरलंय, काय करू?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला दोन ब्रिस्केट (बीफच्या छातीकडचा, धुरावर शिजवलेला मोठा तुकडा) मागवली, निम्मे पाहुणे बीफ न खाणारे निघाले, आता फ्रिजमध्ये दोन ट्रे कापलेलं मांस आहे, ते कोरडं पडलंय आणि कुकरला लावलं तर मऊ होईल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या ह्यूस्टनकडे आपल्या मंडळींच्या पार्ट्यांत हे हमखास होतं. ज्यांना हे मांस चालत नाही त्यांनी कृपया पुढे वाचू नये, खावं की खाऊ नये हा वाद इथे नको. मी काही शेफ नाही. घरी स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) आहे आणि उरलेलं संपवायचं काम कायम माझ्याकडे असतं, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

कुकर नको. टेक्सासच्या पद्धतीचं ब्रिस्केट ओकच्या लाकडावर दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त शिजतं आणि आतलं तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं. त्यातला चिवटपणा म्हणजे कोलॅजन, ते तेव्हाच विरघळून जिलेटिन झालेलं असतं. आणखी मऊ व्हायला आता त्यात काही शिल्लक नाही. गेलाय तो रस, आणि तो शिट्ट्यांनी परत येत नाही. उलट मांसाचे दोरे होतील आणि धुराचा वास वाफेबरोबर निघून जाईल.

तुमचं मांस कोरडं पडलं कारण ते कापून दिलं. याच गोष्टीने मला सर्वांत जास्त मनस्ताप दिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुकानाचं नाव घेत नाही. कॅटरिंगची ऑर्डर देताना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की अख्खं द्या, आम्ही घरी कापू. हो हो म्हणाले. आणायला गेले तर सगळं कापून ट्रेमध्ये पसरलेलं, वर फॉइल. म्हणे कॅटरिंगची ऑर्डर कापूनच जाते. बरं, रस तरी वेगळा द्या म्हटलं, तर तोवर बोर्ड पुसून झालेला. पाउंडाला ३० डॉलरच्या वर मोजलेल्या मांसाचा रस फडक्यात गेला! मॅनेजर म्हणाला, हेड ऑफिसला लिहा. ऑफिसला लिहिलं तर तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो आणि सोबत पुढच्या ऑर्डरवर सवलतीचं कूपन. मूळ मुद्द्याला उत्तरच नाही. भाव जास्त का हे मला समजतं, कच्च्या मांसाचं वजन स्मोकरमध्ये साधारण ४० टक्क्यांनी घटतं, रात्रभर माणूस जागतो. पण म्हणूनच ते मांस नीट हातात द्यायला नको का? तेव्हापासून माझं म्हणणं एकच: ऑर्डरच्या पावतीवर ‘अख्खं, न कापता, रस वेगळा’ असं लिहून घ्या, आणि लिहून देत नसतील तर दुसरीकडे जा. अख्खं उरलं की फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लागेल तेवढंच, थंड असताना कापायचं. सुरीखाली अजिबात तुटत नाही.

आता तुमच्या ट्रेकडे. ते अंगणात किती वेळ होते ते आठवा. बाहेर दोन तासांच्या वर, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वरच्या उकाड्यात एका तासाच्या वर राहिलं असेल तर जीव तुटला तरी फेकून द्या. फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवा, बाकीचं आजच फ्रीझरमध्ये टाका.

मग ब्रिस्केटच्या दोन भागांचे दोन ढीग करा. ज्या कापांत चरबी भरपूर आहे तो पॉइंट, आणि ज्यांच्या फक्त एका कडेला चरबीची पट्टी आहे तो फ्लॅट. ट्रेचे कोपरे चमच्याने खरवडून बघा. वर पांढरी चरबी आणि तिच्याखाली तपकिरी, थरथरणारी जेली सापडेल. दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा, ट्रे धुवायला टाकण्याआधी! ती जेली म्हणजे वर सांगितलेलं जिलेटिनच, गरम केली की तिचा रस होतो. चरबी फोडणीला वापरायची. त्या चरबीत परतलेल्या बटाट्याच्या काचऱ्या आमच्या घरी मांसाच्या आधी संपतात.

फ्लॅटचे काप नुसते खायचे असतील तर एकाला एक चिकटून रचा, जेली आणि थोडा बिनमिठाचा स्टॉक घाला, फॉइल घट्ट लावा, ओव्हन २७५ फॅरनहाइटवर. आतून १६५ झालं की बाहेर काढा आणि दहा मिनिटं झाकूनच ठेवा. मायक्रोवेव्ह अगदीच करायचा तर अर्ध्या पॉवरवर, झाकून.

भाजी-रश्शात घालताना माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. गरम मसाला नको. धूर हाच मसाला आहे, त्यावर लवंग-दालचिनी घातली की दोन्ही वाया. मीठ शेवटी, चव घेऊन, कारण वरच्या काळ्या सालीत मीठ-मिरी भरपूर असते. आणि आधी रस्सा पूर्ण शिजवायचा, मांस शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचं. टेक्सासची चिली, म्हणजे मिरच्यांच्या वाटणातला मांसाचा रस्सा, मी अशीच करते. सुक्या आंचो (मेक्सिकन) मिरच्या भिजवून वाटायच्या, कांदा-लसूण-जिरं चरबीत परतायचं, वाटण तेल सुटेपर्यंत भाजायचं. बीन्स घालू नका, इथले लोक त्याबाबत फार हळवे आहेत, चिली १९७७ पासून राज्याचा अधिकृत पदार्थ आहे. बीन्स हव्याच असतील तर पिंटो बीन्स वेगळ्या शिजवा (कुकर तिथे वापरा) आणि त्यांत बारीक चिरलेला फ्लॅट घाला.

पॉइंटचे तुकडे मात्र लोखंडी तव्यावर खरपूस करायचे. ह्यूस्टनजवळच्या मिसुरी सिटीच्या आमच्या मल्याळी शेजारणीकडून शिकले: खोबऱ्याचे काप तळून घ्यायचे, त्यात कढीपत्ता, हिरवी मिरची, उभा कांदा, मग मांस आणि भरडलेली मिरी. ब्रिस्केटला मिरी आधीच असल्यामुळे हे इतकं जमून येतं की मी आता मुद्दाम पॉइंट मागे ठेवते. सकाळी हेच तुकडे अंड्याच्या भुर्जीत घालून गरम टॉर्टियात.

अगदी कोरडे, कडक तुकडे असतील त्यांचे गोव्याकडच्यासारखे क्रोकेट करा. सुरीने बारीक चिरा, मिक्सरमध्ये लगदा होतो. थोडा उकडलेला बटाटा, व्हिनेगर, मिरची, कोथिंबीर, लांबट वळायचे, अंड्यात बुडवून रव्यात घोळवायचे. वळून झाले की न तळता ट्रेवर गोठवायचे, मग पिशवीत भरायचे. बाकीचं मांस सपाट पिशव्यांत, प्रत्येकीत दोन चमचे जेली घालून, हवा काढून, तारीख टाकून. दोन-तीन महिने चव छान राहते.

चरबीचा आणि बिनचरबीचा ढीग ओळखता आला नाही तर ट्रेचा फोटो टाका, मी बघून सांगते.