मोलकरणीची भूमिका आणि जीन अलेक्झांडरची हिल्डा

रोजच्या मालिकेत मोलकरणीची भूमिका आली आहे, ती घेतली तर त्याच साच्यात अडकेन का, असं तू विचारलं आहेस. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. माझं उत्तर आहे, घे. आणि घेण्याआधी ब्रिटिश अभिनेत्री जीन अलेक्झांडरचं काम बघ.

ही लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातली, जन्म १९२६ चा. आधी ग्रंथालयात नोकरी केली, मग १९४९ मध्ये मॅकल्सफील्डच्या एका नाटक कंपनीत गेली. पुढची बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या रेपर्टरी कंपन्यांत, म्हणजे एकाच संचात एकामागून एक नाटकं करणाऱ्या मंडळ्यांत गेली. तिथे फक्त अभिनय करून भागत नसे, कपडेपट आणि विंगेतली कामंही अंगावर पडायची. १९६४ मध्ये ग्रॅनडा या टीव्ही कंपनीच्या, एका गल्लीतल्या लोकांवरच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिकेत तिला हिल्डा ऑग्डेनची भूमिका मिळाली, तेव्हा ती सदतिशीची होती.

हिल्डा म्हणजे गल्लीतल्या 'रोव्हर्स रिटर्न' पबमध्ये फरशी पुसणारी बाई. नवरा स्टॅन खिडक्या पुसायचं काम करतो, म्हणजे बहुतेक वेळा करत नाही. बाई चोंबडी, भांडकुदळ, आणि प्रतिष्ठेची भारी हौस. घरातल्या भिंतीवर डोंगरदऱ्यांचं मोठं चित्र लावलेलं, त्याला 'म्युरल' (भित्तिचित्र) म्हणायचं सोडून ती 'म्युरियल' म्हणते, जे बाईचं नाव आहे. त्यावर उडणारी तीन शोभेची बदकं, त्यातलं एक कायम तिरकं. लेखकांनी हे हसण्यासाठीच लिहिलं होतं.

पण केसांतले कर्लर बघ. युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका जीनने पाहिल्या होत्या. त्या केसांत कर्लर घालून वर रुमाल बांधायच्या, संध्याकाळी कुणी बाहेर चल म्हणालं तर केस तयार असावेत म्हणून. तेच तिने हिल्डाला दिलं. आता विचार कर, हिल्डाचे कर्लर क्वचितच निघतात. म्हणजे ती वर्षानुवर्षं तयारीतच बसली आहे आणि तिला कुणी बाहेर नेलेलं नाही. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून त्या रुमालाकडे बघून हसू येईनासं झालं.

स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड युएन्स १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेले. मालिकेत स्टॅनचा मृत्यू दाखवावा लागला. अंत्यविधी उरकून हिल्डा घरी येते. हॉस्पिटलने दिलेलं नवऱ्याच्या सामानाचं पुडकं टेबलावर असतं. ते ती सोडते. त्यात त्याचे कपडे, चष्म्याचं घर. ते उघडते, चष्मा बघते, आणि मग रडू फुटतं. जवळपास शब्द नाहीतच. वीस वर्षं ज्या बाईची टकळी थांबली नव्हती, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून ते इतकं लागतं. पुढच्या वर्षी जीनला रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला.

तरी मला तिचं सर्वांत मोठं धाडस वाटतं ते मालिका सोडण्यात. भूमिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना ती आपणहून बाहेर पडली. १९८७ च्या नाताळच्या दिवशी हिल्डाचा निरोप दाखवला गेला आणि पुनःप्रक्षेपण धरून तो २ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. गल्लीतली सगळी मंडळी पबमध्ये जमलेली, आणि हिल्डा आपल्या त्या चिरक्या आवाजात गातेय.

आता साच्याचं. शिक्का बसतो, खोटं सांगणार नाही. ब्रिटनमध्ये जीन लोकांसाठी शेवटपर्यंत हिल्डाच राहिली. पण १९८८ मध्ये 'लास्ट ऑफ द समर वाइन' या विनोदी मालिकेत ती आंटी वेनराइट झाली. जुन्या सामानाचं दुकान चालवणारी, गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ती वस्तू मारल्याशिवाय न सोडणारी म्हातारी. हिल्डाचा मागमूस नाही. ते काम २०१० पर्यंत चाललं, तेव्हा ती त्र्याऐंशीची होती. २०१६ मध्ये नव्वदी पूर्ण करून तीनच दिवसांनी ती गेली.

भूमिका घेतलीस तर शूटिंगच्या आधी एवढं ठरव: तुझी बाई कामाला येताना पदर कसा खोचते, चपला कुठे काढते, आणि घरी जाताना पिशवीत काय असतं. लेखक हे लिहून देणार नाही, आणि तू केलंस तर सहसा कुणी अडवणारही नाही. चष्म्याचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघ, फक्त तिच्या हातांकडे लक्ष ठेवून.