किंगडम कम डिलिव्हरन्स : पहिला भाग सोडून थेट दुसरा खेळला तर चालेल का?

नाही. पहिला भाग सोडू नका. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हा मध्ययुगीन बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, घडणारा व्हिडिओ गेम. त्याचा नायक हेन्री, लोहाराचा पोरगा.)

तुम्ही विचारलंय की पहिल्या भागात हेन्रीला सुरुवातीला धड मारामारी येत नाही, हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही, सगळं संथ चालतं, तर थेट दुसरा भाग घेतला तर काही बिघडेल का. बिघडेल. दुसरा भाग जास्त देखणा आहे, सांभाळून घेणारा आहे, कुटेनबर्ग शहर तर बघत राहावं असं आहे. पण त्यात ज्या पोराची गोष्ट पुढे जाते, ते पोर घडतं पहिल्या भागात. एवढं खरं तर पुरेसं होतं. पण तुम्ही शेवटी जे लिहिलंय, ‘इतके तास नुसता लोहाराचा पोरगा म्हणून हिंडायचं, यात मजा काय?’ ते वाचलं आणि लिहायला बसलो.

मी लोहाराचा पोरगा आहे. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या अंगाला आमचं गाव. आता नोकरीसाठी रत्नागिरीत असतो, पण वाढलो तो भट्टीशेजारी. आजोबा कोयते, विळे, कुऱ्हाडी, पारयी, नांगराचे फाळ करायचे. बाबांनीही तेच केलं. बाबांच्या वेळी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं लोखंड यायचं, त्याचे कोयते इतके टिकायचे की माडावर चढणारे दुसऱ्या कोणाकडून घ्यायचेच नाहीत. मग बाजारात तयार कोयते आले, शेतात पॉवर टिलर आले, फाळ पाजवायला कोणी येईना. भट्टी थंड झाली.

आता खेळाकडे येतो. सुरुवातीला स्कालिट्झ या आपल्या गावात हेन्री उशिरा उठतो आणि त्याचा बाप मार्टिन त्याला कामं सांगतो. कोळसा आण, थंड बिअर आण, गढीवरून तलवारीच्या मुठीचा भाग आण, आणि कुनेशकडे जाऊन उधारी वसूल कर. कुनेश गावातला दारुडा. मार्टिनने करून दिलेला हातोडा, कुऱ्हाड आणि खिळे त्याने नेलेत आणि पैसे दिलेले नाहीत. तुम्ही मागायला जाता, तो शिव्या देतो, हातघाईवर गेलात तर बहुतेक वेळा मार खाता. बरेच जण इथेच कंटाळतात. म्हणतात, खेळाचं पहिलं काम काय, तर उधारी मागणं?

मी मात्र त्या जागी थांबलो. कारण आमच्याकडे बलुतं होतं. वर्षभर अवजारं करून द्यायची, पाजवून द्यायची, आणि कापणी झाली की घराघरांतून भात गोळा करायचं. लहानपणी गोणी घेऊन मी जायचो. काही घरं मापाच्या वर ओंजळभर घालायची, तेही सांगितलं पाहिजे. पण काही घरांत खळ्यातच उभं करायचे आणि म्हणायचे, ‘उद्या ये’. उद्या गेलं की, ‘बाबांना पाठव’. त्या वयात कमरेला तलवार असती तरी काय केलं असतं? मला मारता येत नव्हतं, हेन्रीलाही येत नाही. जगात कितीतरी ऐतिहासिक खेळ निघाले. एकात तुम्ही ग्रीसमध्ये स्पार्टाचा राजा लिओनायडसचं नातवंड असता, दुसऱ्यात 1274 मध्ये जपानच्या त्सुशिमा बेटावर सामुराई घराण्यातले असता. तिथे मला कोणी खळ्यात उभं करून ‘उद्या ये’ म्हटलेलं नाही. इथे म्हटलं. म्हणून सुरुवातीच्या त्या तासांना ‘नुसता’ हा शब्द लावू नका.

यावरूनच माझं आणि आमच्या एका गाववाल्या मित्राचं भांडण आहे. तो मुंबईला असतो. खेळांतलं त्याला खूप कळतं, माझ्यापेक्षा आधीपासून खेळतो. गणपतीला आला होता. रात्री आरती, भजन झालं, मंडळी पडवीत बसलेली. मी लॅपटॉपवर दुसरा भाग लावला होता. या भागात हेन्रीला भट्टीवर काम करता येतं, पहिल्या भागात फक्त सहाणेच्या चाकावर धार लावता यायची. इथे लोखंड भट्टीत धरायचं, भाता मारायचा, रंग चढला की ऐरणीवर घ्यायचं, पात्याच्या लांबीभर सारखे घाव घालायचे, उलटायचं, थंड पडलं की परत भट्टीत. घाव जमून आले की हेन्री शीळ घालतो. शेवटी तापलं पातं बुडवून पाणी द्यायचं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आयुष्यात गेमकडे वळून बघितलेलं नव्हतं. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘भातो कोण मारता त्येचो?’ मी म्हटलं, तोच. ‘एकट्यान होवचां नाय ह्यां.’ खरंच आहे, आमच्याकडे भाता आई नाहीतर मी ओढायचो. मग लोखंड बाहेर काढल्यावर बाबा खाली वाकले. ‘रंग बरो धरल्यानी,’ म्हणाले. भट्टी नेहमी अंधाऱ्या जागी असते ती रंगासाठीच. उन्हात लाल कुठला आणि केशरी कुठला ते डोळ्याला कळत नाही, आणि लोखंड पांढरं होईपर्यंत राहिलं तर जळून जातं. खेळातली भट्टीही आडोशाला आहे. ती मांडणाऱ्या माणसाने खऱ्या भट्टीपाशी उभं राहून बघितलं असणार, असं मला तेव्हाच वाटलं. पाणी देण्यापाशी मात्र बाबांनी जीभ चावली. हेन्रीने अख्खं पातं बुडवलं. ‘आख्खां पातां पाण्यात घालूचां नसतां. धार तेवडी बुडवची.’ कारण धार कडक हवी आणि पाठ लवचिक, नाहीतर गाठीवर घाव पडला की कोयता मोडतो. तलवारीचं गणित वेगळं असेल, बाबा कोयत्याचं बोलत होते. पण एका दमात त्यांनी खेळाचं जे परीक्षण केलं तसं मी कुठल्याही मोठ्या व्हिडिओत ऐकलेलं नाही.

तेवढ्यात मित्र म्हणाला, ‘एवढा भारी लॅपटॉप घेऊन शेवटी ठोकायचं काय, तर लोखंडच? लोहाराचं पोर व्हायला गेम कशाला लागतो?’

मंडळी हसली. बाबा तिथेच होते. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बाबा मला म्हणाले, ‘त्येका खेळाक दी. मगे कळात.’ मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. त्याने एकाच जागी दणादण घाव घातले, पातं थंड पडलं तरी थांबेना, शीळ एकदाही वाजली नाही, आणि तलवार निघाली ती हलक्या प्रतीची. तर म्हणे, गेममध्ये खोट आहे. खोट गेममध्ये नव्हती.

(पुढचे दोन परिच्छेद ज्यांना गोष्ट आधी कळलेली चालत नाही त्यांनी वगळा.)

मग त्याने त्याच्या मते हुकमाचा एक्का काढला. पहिल्या भागात पुढे कळतं की हेन्री हा मार्टिनचा पोटचा मुलगा नाही, सरदार राडझिग कोबिलाचा आहे. मित्र म्हणाला, ‘बघ, शेवटी सरदाराचंच रक्त निघालं ना? म्हणून तर तो हिरो झाला.’ या एका जागी लेखकांवर माझाही राग आहे. इतकं सगळं लोहाराच्या घरात उभं करून मग रक्ताची ही गाठ मारायची त्यांना गरज नव्हती. पण त्यातून मित्र काढतो तो अर्थ चूक आहे. हेन्रीला राडझिगने तलवार धरायला शिकवलेलं नाही. ती राटाई गावातल्या सरावाच्या रिंगणात कॅप्टन बर्नार्डकडून मार खात खात शिकावी लागते. वाचायलाही येत नसतं, उझिट्झच्या लेखनिकाकडे जाऊन शिकेपर्यंत पुस्तकातली अक्षरं उलटसुलट दिसतात. रक्ताने यातलं काहीही आलेलं नाही.

बाबांना मी ही गाठ समजावून सांगितली तर त्यांनी एकच विचारलं, ‘त्येका वाढवल्यान कोणी?’ मग म्हणाले, कर्णाचंही तेच. आमच्याकडे जत्रेला दशावतारात कर्ण उभा राहिला की तो सूर्याचा मुलगा हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माणसं रडतात ती त्याने अधिरथाला आणि राधेला सोडलं नाही म्हणून. हेन्रीही मार्टिनला सोडत नाही, दुसऱ्या भागातसुद्धा. आणि हे सगळं दुसऱ्या भागात आधीच उघड झालेलं असतं, म्हणून थेट तिथून सुरुवात केलीत तर ते तुम्हाला बातमीसारखं कळेल, तुमच्यासमोर घडणार नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर हे.

मित्राचं दुसरं म्हणणं असं की आपल्या इतिहासावर असा खेळ निघाला तर खेळणाऱ्याला थेट सरखेल कान्होजी आंग्रे करायला हवं, हाताखाली आरमार हवं. मला हे अजिबात पटत नाही. महाराजांची आणि सरखेलांची भूमिका तुमच्या-माझ्या हातात देऊन त्यांना भिंतीवर आपटत फिरवायचं? ते दुरून दिसू देत. दिसले की छाती भरून आली पाहिजे. खेळायचं ते गोदीतल्या पोराने. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं हे आपण शाळेपासून ऐकतो. 1664 ते 1667 या काळात किल्ला उभा राहिला, हिरोजी इंदुलकरांचं नाव आपण आदराने घेतो. पण ते शिसं वितळवलं कोणी, त्या भट्ट्यांचा भाता कोणी ओढला? गुराबा आणि गलबतं या आरमारी जहाजांच्या फळ्यांना खिळे लागायचे, नांगर लागायचे, ते कोणी ठोकले? आमच्या खाडीवर गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली आरमारी गोदी अजून आहे, पर्यटक विजयदुर्ग किल्ला बघून परत जातात, तिकडे फारसं कोणी वळत नाही. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर चालून आले, आंग्र्यांचं आरमार जळालं. ती आग गोदीतल्या लोहाराच्या पोराच्या डोळ्यांनी बघायची, हातात काही नाही, आणि तिथून खेळ सुरू. हेन्रीचं स्कालिट्झही असंच जळतं.

‘असं कोणी विकत घेणार नाही’ हेही मित्राचं ठरलेलं वाक्य. हा खेळ बनवणारी वॉरहॉर्स ही प्रागची कंपनी. ड्रॅगन नाहीत, जादू नाही म्हणून त्यांना प्रकाशक मिळत नव्हता. 2014 मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली, 3 लाख पौंड हवे होते, 11 लाखांच्या वर जमले. 2018 च्या फेब्रुवारीत खेळ आला. नकाशा जेमतेम 16 चौरस किलोमीटरचा, राटाई, सासाऊ ही खरी गावं. आमच्या गावाच्या वाड्या, सडा आणि खाडी धरली तर तेवढंच होईल. आणि 2025 मध्ये दुसरा भाग आला तेव्हा पहिल्याच दिवशी 10 लाख प्रती खपल्या. चेक लोकांना आपल्या एका तालुक्यातलं लोहाराचं पोर जगाला दाखवायची लाज वाटली नाही.

आता तुमच्या सेव्हच्या तक्रारीबद्दल. पहिल्या भागात सेव्हियर श्नाप्स नावाची दारू हेन्री प्यायल्यावर सेव्ह होतं, किंवा स्वतःच्या पलंगावर झोपल्यावर. कामाच्या टप्प्यांवर आपोआपही होतं. श्नाप्स विकत घेत बसू नका, महाग पडते. वाईनमध्ये नेटल आणि बेलाडोना घालून ती स्वतः बनवता येते, दोन्ही वनस्पती खेळातल्या रस्त्यांच्या कडेला मिळतात. फार ढोसलीत तर हेन्री झिंगतो. खेळ बंद करताना जागेवर सेव्ह करायची सोय नंतरच्या अपडेटमध्ये दिली आहे. मला ही पद्धत आवडते, कारण जंगलात तीन दरोडेखोर दिसले की आपण खरंच घाबरतो. पण कोकणात राहात असाल तर पावसाळ्यात डेस्कटॉपवर इन्व्हर्टरशिवाय खेळू नका, लाईट गेली की गेलं सगळं.

लढाईचं म्हणाल तर राटाईत कॅप्टन बर्नार्डकडे शिकायला जा आणि सरावाच्या रिंगणातून लवकर बाहेर पडू नका. चिलखतवाल्याला तलवारीने कापत बसू नका, गदा किंवा हातोड्यासारखं बोथट हत्यार घ्या. एकाशी लढा, तिघे आले तर पळा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दुसरा भाग जड आहे, जुन्या लॅपटॉपवर चालायचा नाही, पहिलाही राटाईत अडखळतो. कंट्रोलरवर कुलूप उघडणं पहिल्या भागात फार त्रासाचं आहे, माऊस बरा. शिव्या, रक्त आणि न्हाणीघरातले प्रसंग आहेत, लहान मुलं शेजारी असताना लावू नका. आणि नोकरीमुळे आठवड्यात मोजका वेळच मिळत असेल, पहिला भाग खरोखरच सोसवत नसेल, तर निदान स्कालिट्झ आणि राटाईपर्यंतचा भाग खेळा आणि मग दुसरा घ्या. पूर्ण सोडण्यापेक्षा ते बरं. सेलमध्ये पहिला भाग बऱ्याचदा स्वस्त मिळतो, आत्ता पूर्ण किमतीला घेऊ नका.