एक वर्ष टिकलेला पट्टा

प्रश्न : आमच्या तालमीत जपानी व्यावसायिक कुस्तीवरून वाद झाला. न्यू जपान या संस्थेचा एनडब्ल्यूएफ हा अजिंक्यपदाचा पट्टा 2003 साली आला आणि वर्षभरात बंदही झाला, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो की हाच पट्टा फार पूर्वी आपल्या पंजाबच्या टायगर जीत सिंगकडे होता. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?
— एक वाचक, गंगावेस, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, कारण या पट्ट्याला दोन जन्म मिळाले. मूळचा तो अमेरिकेतील बफेलो भागातल्या नॅशनल रेसलिंग फेडरेशन (एनडब्ल्यूएफ) या कुस्ती संघटनेचा होता. 10 डिसेंबर 1973 रोजी टोकियोत न्यू जपानचे संस्थापक अँटोनियो इनोकी यांनी जॉनी पॉवर्सला हरवून तो मिळवला आणि त्यांच्या नव्यानेच उभ्या राहिलेल्या संस्थेला मिरवण्याजोगा मान मिळाला. टायगर जीत सिंग यांनी मार्च 1975 मध्ये हिरोशिमात इनोकींना हरवून तो मिळवला आणि जूनमध्ये इनोकींनी तो परत मिळवला. दातांत तलवार धरून आखाड्यात येणाऱ्या सिंग यांची जपानी प्रेक्षकांना खरोखरच धास्ती वाटत असे. पुढे इनोकींच्या मनात साऱ्या जगाचा एकच अजिंक्यवीर ठरवण्याची, म्हणजे आयडब्ल्यूजीपीची, कल्पना आली आणि तिच्यासाठी 1981 मध्ये हा पट्टा बाजूला ठेवण्यात आला.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणाऱ्याच्या घरी जाते ती कायमची. पुढच्या वर्षी दुसऱ्या मल्लाला दुसरी गदा मिळते. जपानी पट्टा मात्र एकच असतो आणि ज्याच्या कमरेला तो असेल त्याला तो पुन्हा पुन्हा पणाला लावावा लागतो. शिवाय तिथल्या व्यावसायिक कुस्तीचे निकाल आयोजक आधी ठरवतात. खासबागेत निकाली कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला हे खटकणारच, पण त्यामुळेच पट्टा कोणाला दिला यावरून संस्थेच्या मनात काय चालले आहे ते स्पष्ट वाचता येते.

2003 सालचा दुसरा जन्म तसाच वाचावा. त्या काळात जपानमध्ये प्राइड आणि के-वन यांच्या खऱ्या मारामारीच्या लढतींनी प्रेक्षक खेचून घेतले होते, आणि आपला मल्लही तिथे टिकू शकतो हे दाखवण्याचा इनोकींचा आग्रह होता. म्हणूनच 4 जानेवारी 2003 रोजी टोकियो डोममध्ये या पट्ट्यासाठी अंतिम जोड लागली ती योशिहिरो ताकायामा आणि त्सुयोशी कोसाका यांची; दोघेही तशा लढती लढलेले. सहा फूट पाच इंचांचा ताकायामा जिंकला. आदल्या वर्षी प्राइडमध्ये डॉन फ्रायशी लढताना दोघांनी एका हाताने एकमेकांची मान धरून दुसऱ्या हाताने तोंडावर ठोसे लगावले होते. ती लढत ताकायामा हरला, पण सुजलेल्या चेहऱ्याच्या त्या माणसाला अख्ख्या जपानने ओळखले. माझ्या मते पट्टा पुन्हा बाहेर काढण्यामागे ही ओळख मोठी होती.

अडचण अशी की न्यू जपानचा सर्वांत मोठा मान आयडब्ल्यूजीपीचाच होता. 2 मे 2003 रोजी युजी नागाताला हरवून ताकायामाने तोही मिळवला आणि दोन्ही पट्टे एकाच कमरेला आले. नोव्हेंबरमध्ये आयडब्ल्यूजीपी त्याच्या हातून हिरोयोशी तेंझानकडे गेला, एनडब्ल्यूएफ मात्र त्याच्याकडेच राहिला. एका तालमीला दोन वस्ताद चालत नाहीत, तसे एका संस्थेत दोन सर्वश्रेष्ठ मल्ल फार काळ शोभत नाहीत. डिसेंबरमध्ये अवघ्या 23 वर्षांच्या शिन्सुके नाकामुराने तेंझानला हरवून आयडब्ल्यूजीपी मिळवला आणि दोन्ही पट्टे एक करण्यासाठी 4 जानेवारी 2004 ची जोड ठरली.

त्या आधी चारच दिवस, 31 डिसेंबरला, नागोयात तशाच खऱ्या मारामारीच्या लढतीत किकबॉक्सर अलेक्सी इग्नाशोव्हशी लढताना नाकामुराच्या चेहऱ्याला जबर मार बसला होता. तशा अवस्थेत तो टोकियो डोममध्ये उतरला आणि त्याने ताकायामाला हरवले. त्यानंतर एनडब्ल्यूएफ पट्टा लगेच निवृत्त करण्यात आला. दुखापतींमुळे नाकामुराला फेब्रुवारीत आयडब्ल्यूजीपीही सोडावा लागला.